थोरलीचा कॅम्प

"स्वातंत्र्य हा माणसाचा श्वास आहे," दाजी म्हणाले. हे म्हणताना ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि अक्का परवानगी देते का, याची वाट बघत होते.

अक्का ही माझी मोठी बहीण. दाजी तिचे यजमान, भूपाल मगदूम, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून नुकतेच निवृत्त झालेले. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या भरलेल्या किती आणि रिकाम्या किती हे बघण्यात गेली. आता त्यांना स्वतःची गाडी काढून कुठंतरी जायचं होतं.

गाडी म्हणजे शेडमधला पिकअप ट्रक. दाजींच्या वडिलांनी तो मिलिटरीच्या लिलावात घेतला होता. पुढं वटारलेले दोन दिवे, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. अक्का लग्न होऊन आली तेव्हा तो दारात आधीपासून होता आणि दाजी सकाळी उठले की पहिले त्याच्याकडं जात. म्हणून अक्कानं त्याचं नाव 'थोरली' ठेवलं होतं. स्वतःला ती धाकटी म्हणवून घ्यायची.

"दोनच दिवस," दाजी म्हणाले. "शिराळ्याच्या वर, डोंगरात, तळ्याच्या काठी. थोरलीतच झोपायचं, तिथंच करून खायचं. याला कॅम्पिंग म्हणतात. परदेशात लोक अशाच जुन्या गाड्या घेऊन हिंडतात. तीन पद्धती आहेत त्याच्या. एक, हौद्यात गादी टाकून झोपायचं. दोन, हौद्यावर ताडपत्रीचं छत करायचं. तीन, गाडीच्या कुशीला तंबू बांधायचा."

"आणि घरात झोपायची पद्धत?"

"घरात आभाळ दिसत नाही."

"शेडमध्ये झोपा. पत्र्यातनं सगळं दिसतंय."

त्या शेडवर अक्काचा डोळा होता. तिथं तिला शेवयांचं मशीन बसवायचं होतं. तिच्या बचत गटातल्या बायका मशीनची वाट बघत होत्या आणि मशीन थोरली हलायची वाट बघत होतं. अक्का वाईट नव्हती. तिला फक्त जागा हवी होती.

तिनं कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि निकाल दिला.

"जावा. पण थोरलीनं आपल्या पायांनी जायचं, आपल्या पायांनी यायचं. कुठं बसली आणि टोचन करायला लागलं, तर तिथनं सरळ भंगारात. दारात आणायची नाही."

टोचन म्हणजे बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून ओढत आणणं. दाजींचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्यासमोर त्यांच्या आईला वृद्धाश्रमात ठेवायचं बोलतंय.

"मान्य," ते म्हणाले. "मी येऊन खरं काय ते सांगेन."

"तुम्ही नव्हे. सुक्या जाईल बरोबर. पंच म्हणून."

सुक्या म्हणजे मी, सुकुमार. मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त असत. लहानपणी घरात काही फुटलं की मीच खरं सांगून मार खायचो, हे अक्काच्या पक्कं लक्षात होतं. पंच म्हणून माझी तेवढीच लायकी होती.

थोरली हँडल मारून सुरू व्हायची. डावा दरवाजा उपरण्यानं बांधलेला होता आणि तो माझ्या बाजूचा होता. गाडी डावीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळं रस्ताभर आम्ही अनोळखी लोकांना हाका मारत गेलो. घाटाच्या पायथ्याशी दाजी खाली उतरले, चाकाखाली धोंडे लावले, ब्रेक दाबून बघितले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नको." हे ते गाडीला म्हणाले.

कुसळेवाडीच्या तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर खायचं नाही. त्यामुळं ज्या वेळी बाकीचे कॅम्पवाले सरपण गोळा करायला लागत असतील, त्या वेळी आमचं जेवण उरकून भांडीसुद्धा घासून झाली होती. शेकोटी मात्र दाजींनी तरीही पेटवली. तिच्यावर शिजवायला काही नव्हतं, म्हणून आम्ही तिच्याकडं बघत बसलो.

तेवढ्यात म्हशी घेऊन एक बाई आली. वाडीतली, फुलाबाई नावाची. म्हशी पुढं गेल्या, ती थांबली.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"सांगलीचे."

"हितं काय काम काढलं?"

दाजींनी छाती भरून घेतली. "कॅम्प आहे."

"कॅम्प?" बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "किती दिस?"

"आज आणि उद्या."

"समद्यांस्नी हाय का?"

"बाई, निसर्ग काय एकट्यादुकट्याचा असतो? सगळ्यांसाठीच."

फुलाबाईनं घडीच्या टेबलाकडं बघितलं. त्यावर अक्कानं दिलेली पांढरी चादर होती, थर्मास होता, बॅटरी होती. मग तिनं माझ्या जाड भिंगांच्या चष्म्याकडं बघितलं.

"ह्ये डाक्टर व्हय?"

त्याच वर्षी मला पीएच.डी. मिळाली होती. घरात तिचा मान राखणारे दाजी एकटे होते.

"व्हय तर," ते अभिमानानं म्हणाले. "डॉक्टर सुकुमार."

"भाकरी धाडू का?"

"दिवस बुडाल्यावर आम्ही खात नाही. कांदा-बटाटाही नाही."

"बरं बरं," ती म्हणाली आणि म्हशी तिथंच सोडून वाडीकडं जवळजवळ पळाली.

"बघ," दाजी म्हणाले, "खेड्यातल्या माणसाला अजून निसर्गाबद्दल केवढी आस्था आहे."

रात्रीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या पद्धतीत हौद्याच्या पट्ट्या पाठीला मोजता आल्या. दुसऱ्या पद्धतीत ताडपत्रीवर साचलेलं दव एकदम माझ्या अंगावर आलं. तिसऱ्या पद्धतीत तंबू पडला. आभाळ मात्र खरंच दिसत होतं.

सकाळी जाग आली ती खोकल्यानं. एकाच्या नव्हे, पुष्कळांच्या. मी हौद्याच्या फळीवरून डोकं वर काढलं. थोरलीच्या मागं, हौद्याच्या मागच्या झडपेपासून, म्हणजे फाळक्यापासून, पार बांधापर्यंत, पंधरा-सोळा म्हातारी माणसं ओळीनं उकिडवी बसली होती. माझं डोकं दिसताच सगळी उठून उभी राहिली.

"उठलं गं बाई डाक्टर," फुलाबाई म्हणाली. "दमानं होऊ द्या. चूळ भरा, च्या घ्या."

ओळीत सगळ्यात पुढं एक लहानखुरी म्हातारी होती, तानूआजी. तिचा एक हात फुलाबाईच्या खांद्यावर होता आणि तोंड माझ्याकडं नव्हे तर शेजारच्या बाभळीकडं होतं.

"पयला नंबर माझा," ती बाभळीला म्हणाली. "मी चांदणी असताना वरच्या वस्तीवरनं निघालीय. कुणी मदी घुसंल तर ऐकून घ्यायची न्हाई."

"आजी, कसला नंबर?" मी विचारलं.

"डोळ्याचा. डोळ्याचाच कॅम्प न्हवं का?"

मी दाजींकडं बघितलं. दाजी तंबूच्या कापडातून बाहेर येत होते. त्या भागात कॅम्प म्हणजे एकच गोष्ट असते, हे आम्हा दोघा शिकलेल्यांच्या लक्षात तेव्हा आलं. रक्ताचा, दातांचा, नाहीतर डोळ्यांचा. बिनआजाराचा कॅम्प त्यांनी कधी बघितलेला नव्हता.

"आजी, हा तसला कॅम्प नव्हे," दाजी म्हणाले. "आम्ही मजेसाठी आलोय."

"मंजी?"

"म्हणजे... उघड्यावर झोपायला."

ओळीत कुजबुज झाली. एक म्हातारबुवा पुढं आले, दाजींना जवळून न्याहाळलं आणि हळू आवाजात म्हणाले, "घर न्हाई का तुमास्नी?"

"घर आहे की."

"मग?"

"घरात बायको आहे," मी मदत करावी म्हणून म्हणालो.

हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. फुलाबाई दाजींना म्हणाली, "काढलं व्हय भाईर? ह्या वयात? गाडीसकट?" आणि तिनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी पुढं केली. "खावा. कांदा न्हाई घातला. निवंल समदं. आमच्या दिराचं बी असंच झालतं."

दाजींनी हात पुसून पुढं केला. भाकरी त्यांनी घेतली. तसं पाहिलं तर बाईंचं अर्धं खरंच होतं.

मग फुलाबाईनं काय ते सांगितलं. डोळ्यांचा खरा कॅम्प होता, त्याच दिवशी, पण खाली तालुक्याला. पावसाळ्यात घाटाची कड खचल्यापासून वर एस.टी. येत नव्हती. वाडीची माणसं दोनदा खाली जाऊन सांगून आली होती, कॅम्प वर धाडा. बघतो म्हणाले होते. "मग काल तुमी दिसलासा," ती म्हणाली. "मला वाटलं, बगितलं वाटतं त्यांनी."

यात तर्काची चूक मला कुठं सापडली नाही, आणि तर्क हा माझा विषय होता.

हळूहळू ओळ मोडायला लागली. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. तानूआजी तेवढी जागची हलेना.

"चल की आजे," फुलाबाई म्हणाली.

"कुठं जाऊ? मला माणूस खोकल्याशिवाय वळकंना झालंय. माघात नातीचं लगीन हाय. अक्षता नवऱ्यावर पडत्यात का वाजपवाल्यावर, ते मला कळाया नगं?" ती बाभळीला म्हणाली. "डाक्टर नसला तर नसू द्या. शिकल्याला तर हाय न्हवं? बगा म्हणावं जरा."

मी खरंच फळीवरून वाकून बघितलं. डोळ्यात दुधाळ पडदा होता. एवढं मलाही दिसलं.

दाजी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. ते काय करत होते ते मला कळलं. ते माणसं मोजत नव्हते, वजन करत होते.

"हलकी आहेत रे," ते मला म्हणाले. "उसाच्या दोन बैलगाड्यांएवढीसुद्धा भरायची नाहीत."

"दाजी, घाट आहे."

"जाताना उतार."

"आणि येताना?"

ते थोरलीचे टायर दाबून बघायला लागले.

"दाजी, थोरली बसली तर अक्का तिला दारात घेणार नाही. मला जे होईल ते सांगावं लागेल."

"ठाऊक आहे." त्यांनी सीटखालून हँडल काढलं. थोरलीकडं बघितलं, आजीकडं बघितलं. थोरलीकडं जरा जास्त वेळ बघितलं. "तू पंच आहेस ना? मग पंचासारखा बाजूला उभा राहा. हँडल उलटं फिरलं तर दात पडतील."

अशा तऱ्हेनं कॅम्पिंगच्या तिन्ही पद्धती शेवटी उपयोगी पडल्या. गादी हौद्यात म्हाताऱ्यांच्या बुडाखाली गेली, ताडपत्री डोक्यावर गेली आणि तंबूचे दोर धरायला झाले. आजीला पुढं, माझ्या आणि दाजींच्या मध्ये बसवलं. दाजींनी आख्खा घाट पहिल्या गिअरात उतरवला. डाव्या वळणावर हॉर्न वाजला की हौद्यातून "कोण आडवं आलं?" असा एकदम आवाज यायचा.

"लई मोठी गाडी असंल न्हवं ही?" आजीनं मध्येच विचारलं.

"मोठी म्हणजे..." दाजी लाजले. "पूर्वी असल्या गाड्या करायचे."

"वाटलंच मला. आवाजच सांगतोय. हत्तीत बसल्यागत वाटतंय."

दाजी त्या दिवशी पुन्हा गाडीबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना आणखी काही ऐकायचं उरलं नव्हतं.

दवाखान्यात मी आजीचा हात धरून ओळीत उभा राहिलो. एक परिचारिका बाई ओळीनं सगळ्यांच्या डोळ्यात औषध घालत येत होती.

"मी पेशंट नाही," मी म्हणालो. "मी पंच आहे."

"वर बघा," ती म्हणाली.

त्या औषधानं बाहुल्या मोठ्या होतात आणि काही तास जवळचं-लांबचं सगळं धुक्यात जातं. डॉक्टरांनी माझा चष्मा जुना झाल्याचं सांगितलं, बाकीच्यांना थेंब आणि गोळ्या दिल्या. आजीला मोतीबिंदू होता, पुरता पिकलेला. ऑपरेशनला पुढच्या आठवड्यात आणा, म्हणाले.

"आणतो," दाजी म्हणाले. हे कोण म्हणतंय ते मी फक्त आवाजावरून ओळखलं.

परतीचा घाट मी ऐकला. दिसत होता तो नुसता पांढरा उजेड. थोरली आधी गुरगुरत होती, मग धापा टाकायला लागली, मग तिच्या पोटात पाणी उकळल्याचा आवाज आला. शेवटच्या वळणाला तिनं एक मोठा उसासा सोडला आणि ती गप्प झाली.

"उतरा सगळे," दाजी म्हणाले. "चाकाला धोंडा लावा आधी." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. नंतर बराच वेळ ते हँडल मारत राहिले. थोरली काही बोलली नाही.

"दाजी, पुरे," मी म्हणालो.

"एवढंच वळण राहिलंय रे. एवढंच."

मग वरून फुलाबाईची हाक आली. घाटातला आवाज वाडीवर पोचला होता. "पाव्हणं! दिस चालला, आदी चार घास खावा, मग गाडीचं बगू!" तिनं डेचकं भरून आमटी आणली होती. दाजी रस्त्याच्या कडेला बसून सूर्याकडं बघत जेवले. मी अंदाजानं जेवलो.

पुढचं मी जसंच्या तसं सांगतो. आम्ही सगळे थोरलीच्या मागं उभे राहिलो. पंधरा-सोळा म्हातारी आणि एक पंच. कुणालाच धड दिसत नव्हतं. फाळक्याला हात लावून आम्ही ढकलायला लागलो. कुणी तरी कुठल्या तरी देवाचं नाव घेतलं. पुढच्या बाजूला काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. घुंगरं मात्र ऐकू आली. आणि एका गड्याचं "हैक, हैक" ऐकू आलं. मग थोरली हलली.

"दाजी," मी मागून ओरडलो, "पुढं काय आहे?"

"वाडी आहे," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निवलेली थोरली पहिल्या हँडलला सुरू झाली आणि आपल्या पायांनी सांगलीला आली. अक्का दारात उभी होती. तिनं आधी थोरलीच्या पुढच्या बंपरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बोल."

मी सगळं सांगितलं. बाभळ, भाकरी, औषध. काही वगळलं नाही.

"म्हणजे शेवटच्या वळणाला ढकलली."

"मी तरी ढकलली."

"आणि पुढनं ओढली?"

"अक्का, माझ्या डोळ्यात औषध होतं. घुंगरं वाजत होती."

"घुंगरं कशाची?"

"बैलांची असावीत."

अक्कानं दाजींकडं बघितलं. दाजी थोरलीच्या मडगार्डावरचा चिखल नखानं काढत होते. ते खोटं बोलणार नव्हते, म्हणून अक्कानं त्यांना विचारलंच नाही. तेवढा संसार तिनं केला होता.

"त्या म्हातारीचं काय म्हणाले?"

"पुढच्या आठवड्यात ऑपरेशन."

"खाली आणणार कोण तिला? एस.टी. नाही म्हणतोस."

"दाजी आणतो म्हणालेत."

"कशानं?"

दाजींचं नख चिखलावर जागीच थांबलं. आत कुकरची शिट्टी झाली. अक्का आत जायला वळली.

"शेडमध्ये लावा," ती जाता जाता म्हणाली. "आणि तुमची कॉट पुढच्या सोप्यातनं काढा. मशीन तिथं बसंल."

मशीन सोप्यात बसलं. दाजींची कॉट माळ्यावर गेली आणि ते थोरलीच्या हौद्यात झोपायला लागले. पहिल्या पद्धतीनं.

आठवड्यानं दाजींनी थोरली धुतली, दिव्यांना राख लावून चकाकी आणली आणि आजीला वरून घेऊन आले. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्याची पट्टी काढायची होती. दाजींनी पहाटेच थोरली दवाखान्याच्या दारात, बरोबर खाटेसमोरच्या खिडकीखाली, तोंड इकडं करून उभी केली. स्वतः मडगार्डावर हात ठेवून शेजारी उभे राहिले. मला आत पाठवलं, नीट बघून ये म्हणून. या खेपेला माझ्या डोळ्यात काही नव्हतं.

पट्टी निघाली. आजीनं डोळा किलकिला केला, उघडला. आधी माझ्याकडं बघितलं आणि "तू व्हय तो? बारीक हाईस की," म्हणाली. मग खिडकीतून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ती काय उभी हाय तिथं?"

"गाडी, आजी. आपली गाडी."

"कुठली?"

"तुम्हाला आणलं ती. हत्तीसारखी."

आजीनं पदरानं डोळ्याच्या कडेचं पाणी टिपलं आणि पुन्हा एकदा, उपरण्यानं बांधलेल्या दरवाज्यापासून फाळक्यापर्यंत, थोरलीला सावकाश बघून घेतलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "दिसत न्हवतं म्हणून बसले."

बाहेर दाजींनी हात हलवला. आजीनंही हलवला.

घाटाची कड त्याच आठवड्यात बांधून झाली होती. आजी एस.टी.नं गेली.